मीठ राहिलं त्या दिवशी

या, असे जवळ सरका, दाराशी बसू नका. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. हिच्यात भट्टीची ऊब आहे आणि ती शेजारी बसणाऱ्यालाच लागते. एका बाईच्या हातून एका सकाळी मीठ घालायचं राहिलं, त्याची ही गोष्ट. तेवढंच? हो, तेवढंच. कोणी कोणाला फसवलं नाही, कुठे आग लागली नाही. पण माणसाच्या अंगावर डोंगर क्वचितच कोसळतो. पायात मोडतो तो काटाच. आणि देवाची कृपा, तीही बऱ्याचदा राजरस्ता सोडून त्या काट्याच्याच वाटेने घरात शिरते. असो, नमनाला घडाभर तेल झालं. फळीपासून सुरू करू.

फळीवर, तराजूच्या शेजारी, पसरट वाडगा होता आणि तो भरलेला होता. थोरलीने (घरात ती थोरली, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू) हात धुता धुता सहज वर पाहिलं आणि तिची नजर त्या वाडग्यावरून पुढे गेली, खिडकीवर गेली, खिडकीबाहेरच्या रिकाम्या अंगणात गेली, जिथून पावाच्या गाड्या नुकत्याच सुटल्या होत्या आणि जमिनीवर चाकांचे पिठाळ पट्टे राहिले होते. आणि मग ती नजर, एखादं मूल बोलावल्याशिवाय परत यावं तशी, आपली आपण वाडग्यावर परत आली. मीठ. सपाट, पांढरं, वरून पट्टीने सारखं केलेलं. तिनेच पहाटे मोजून ठेवलेलं. तिला आधी वाटलं, उद्याचं असेल. मग वाटलं, उद्याचं आज कोण मोजेल? मग तिने काहीच वाटून घेतलं नाही. नळ वाहत राहिला. भट्टीचं दार अवेळी उघडल्यावर फुगत आलेला पाव बसतो, तशी ती हळूच, आवाज न करता, स्टुलावर खाली बसली.

ह्या बेकरीत मीठ शेवटी घालायची पद्धत होती. आधी पीठ आणि पाणी एकत्र करायचं, खमीर घालायचं आणि गोळ्याला झाकून नुसतं पडू द्यायचं. त्याला थोरली ‘पिठाची झोप’ म्हणायची. झोप झाली की मीठ. मीठ आधी पडलं की पीठ आखडतं, हट्टी होतं. आधी त्याला सैल होऊ द्यावं, मग शिस्त लावावी. मुलांसारखंच, असं ती नव्या पोरींना सांगायची. आणि आज पीठ झोपलेलं असताना ती गात होती. तिला आता लख्ख आठवलं. गात होती आणि अडली होती. बाबांच्या एका गायनाची तिसरी ओळ काही केल्या येत नव्हती. पहिल्या दोन ओळी ती पुन्हापुन्हा म्हणत होती, दार उघडत नसलं की माणूस कडी वाजवत राहतो तशी, आणि त्या नादात कापड काढलं, गोळे तोडले, साच्यांत घातले. पीठ भराभर फुगलं. इतकं की तिला वाटलं, आज आशीर्वाद आहे! हसू आलं तिला, ह्या क्षणीही. मीठ नसलं की खमिराला कोणी लगाम घालत नाही, ते उधळतं. हे ज्या पोरी काल कामाला लागल्या त्यांनाही माहीत होतं, आणि ही जन्मभर पिठात हात घालून बसलेली बाई त्याला आशीर्वाद समजली. दुःखात माणूस चुकतो म्हणतात. खोटं आहे. दुःखात माणूस फार सांभाळून चालतो. विसरतो तो आनंदात.

“काका,” तिने भट्टीपाशी जाऊन विचारलं, “सकाळचा एखादा उरलाय?”

भट्टीकाका लांब दांड्याच्या फावड्याला टेकून चहा पीत होते. “हा काय. विकायच्या लायकीचा नव्हता. आज रंगच धरला नाही मेल्यांनी, सगळे आजारातून उठल्यासारखे.” त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, थांबले, पुन्हा चावला. “बाई, खरं सांगू? मघाशी एक खाल्ला तेव्हा मला वाटलं, सर्दीने माझीच चव गेली.”

“मीठ राहिलं.”

“ह्याच्यात?”

“सगळ्यात.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांच्या खांद्यांना हसू सुटलं, आधी खांद्यांना आणि मग तोंडाला. “म्हणजे आज अख्खं शहर दवाखान्यातलं जेवणार!”

मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. “तुम्ही?” त्या म्हणाल्या. “तुम्ही मीठ विसरलात? मला वाटायचं, तुम्ही एक वेळ श्वास घ्यायला विसराल.” मग त्यांनी फोन उचलला. दुकानदारांना काय सांगायचं ते त्या बघून घेतील, आज लोणी जरा सढळ हाताने लावा म्हणतील, ज्यांना परत करायचे त्यांचे परत घेतील. एका दिवसाच्या पावाने कोणाचा जीव जात नाही. “तुम्ही जा घरी. आज तुमच्या बाबांचा वाढदिवस ना?” एका दिवसाच्या पावाने जीव जात नाही, हे वाक्य त्या सहज बोलल्या. त्यांना काय ठाऊक, की पहिल्या गाडीतली पहिली टोपली थोरलीने स्वतः भरली होती, वर धुतलेलं कापड स्वतः खोचलं होतं आणि गाडीवाल्याला तीनदा बजावलं होतं: आधी धाकटीचं घर, मग बाकीचं जग.

आदल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला होता. “ताई, बाबांच्या वाढदिवसाला माणसं बोलावलीत. पाहुण्यांसाठी पाव तुझ्याकडून घेऊ म्हणते.” आणि लगेच पुढे, “बाबांचा मी घरी करते, तो नको.” बस. पण थोरलीने फोन ठेवला आणि ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. दोन वर्षांत तिच्या हातचा एक तुकडा त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेला नव्हता. ती जायची, फळं घेऊन जायची, फळांत काय चुकणार? खुर्चीच्या कडेवर बसायची, बाबांना पेपर वाचून दाखवायची, चहाला नको म्हणायची आणि निघताना धाकटी दारापर्यंत यायची, पाहुण्यांना पोहोचवायला येतात तशी. भांडण असतं तर बरं होतं. भांडणात निदान आवाज तरी असतो.

आता ती बसमध्ये खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचे हात होते, उलथे, रिकामे, नखांच्या कडांना पीठ वाळलेलं. ह्याच हातांनी, तिला वाटलं. तेव्हा ह्याच हातांनी मीठ दिलं आणि आज ह्याच हातांनी काढून घेतलं. बाबा तिच्याकडे राहत होते तेव्हाची गोष्ट. हृदय दमलंय, डॉक्टर म्हणाले होते, मीठ बंद, अगदी बंद, नाहीतर अंगात पाणी साठेल. बाबांनी ते ऐकलं आणि डॉक्टरांना विचारलं, “वास घेतला तर चालेल का?” बाबा चर्चमध्ये उपदेश करायचे आणि तो गाऊन करायचे. नुसते बोलायचे नाहीत. बोलता बोलता आवाज चढायचा, शब्दाला सूर फुटायचा, लहानपणी थोरली बाकावर पाय हलवत बसायची आणि तिला नेमकं कळायचं की आता, ह्या वाक्यानंतर, बाबा गायला लागणार, आणि तिच्या पोटात झोका चढायचा. तोच माणूस अळणी भाजी समोर घेऊन गप्प बसलेला बघवेना. म्हणून तिने त्यांच्यासाठी पाव करायला घेतला. सोपं होतं. पिठाची झोप झाली की मीठ घालायच्या आधी एक गोळा तोडायचा, लहान साच्यात टाकायचा, ओल्या कापडाखाली ठेवायचा. मग बाकीच्यात मीठ. तो लहान पाव ती रोज कोटाच्या आत, छातीशी धरून घरी न्यायची, गरम. आणि मग बेकरीत पीठ मळायचं नवं मशीन आलं. मशीनवाल्याने सांगितलं, सगळं एकदमच टाका, मीठसुद्धा, वेळ वाचतो. आठवडाभर तसं करून पाहिलं, पाव आवडला नाही, पुन्हा जुन्या पद्धतीवर आले. एक आठवडा. त्या आठवड्यात थोरलीने रोज, त्याच वेळी, त्याच सवयीने, झोप झालेल्या पिठातून बाबांचा गोळा तोडला. हाताला वेळ ठाऊक होती, पण त्या वेळेच्या आत काय घडून गेलंय ते हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

पाय सुजले, मग धाप लागली, मग दवाखाना, नाकाला नळी, आणि त्या हिरवट भिंतींच्या लांबलचक बोळात धाकटी, तिचे केस एका बाजूने सुटलेले. “तुला बेकरीतली ना म्हणे एवढी अक्कल! बापाला रोज विष करून घातलंस!” थोरली म्हणाली होती, तू कधी आलीस का बघायला, तू कधी एक दिवस केलंस का त्यांचं, असलंच काहीतरी, जे खरं असतं आणि तरी बोलायचं नसतं. बाबा वाचले. बरे होऊन धाकटीकडे गेले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. धाकटी तर पाणीही फुंकून पाजत होती त्यांना. आणि ह्या सगळ्यात थोरलीला सर्वांत जास्त काय छळायचं, तर एक बारीकशी गोष्ट: त्या आठवड्यात बाबा रोज पाव खाऊन म्हणायचे, “आज काय सुंदर झालाय गं!” आणि ती खुश व्हायची. त्या कौतुकाचा एकेक शब्द नंतर तिच्या अंगात खड्यासारखा फिरत राहिला.

बस एका वळणावर थांबली. समोर दुसऱ्या कोणाची तरी बेकरी होती, मोठी, काचेची, आत पिवळे दिवे. थोरली उतरली. आपल्याला अजून दोन थांबे पुढे जायचंय हे तिला रस्त्यावर उभं राहिल्यावर आठवलं, पण तोवर ती दारातून आत गेली होती आणि काउंटरमागची पोरगी विचारत होती, “कुठला देऊ, आजी?” आजी! जन्मात पहिल्यांदा तिने दुसऱ्याचा पाव विकत घेतला. बोटाने दाबून पाहिला, खालून टिचकी मारून आवाज ऐकला. जरा कच्चा होता मध्ये, पण मीठ होतं. मोठी पिशवी भरून घेतली. रस्त्याने चालताना पिशवी पायाला आपटत होती आणि तिच्या मनात बेत शिजत होता. स्वयंपाकघराच्या दाराने शिरायचं, टोपली उचलायची, हे पाव त्यात, ते पाव पिशवीत. कोणाला कळणार? धाकटी पाहुण्यांत असेल. एवढी एक टोपली बदलली की आजचा दिवस वाचला. आजचा दिवस वाचला की कदाचित पुढचा एखादा. कदाचित कधीतरी धाकटी म्हणेल, ताई, बाबांचाही तूच कर. त्या एका वाक्यासाठी ती दोन वर्षं फळं वाहत होती. आणि चालता चालता, बेत पक्का होत असताना, तोंडाने ती पुन्हा गुणगुणत होती:

दारात कोण उभं, धूळ पायाला,
आत ये बाळा, आत ये…

पुढे अडलं. बाबांचा हा आवडता उपदेश, बायबलातल्या गोष्टीवरचा. एक धाकटा मुलगा घर सोडून जातो, सगळं उधळून परत येतो, बाप मेजवानी घालतो. सगळे त्या धाकट्यावर बोलतात. बाबा मात्र गायचे थोरल्यावर, जो घरीच होता, राबत होता, आणि मेजवानीच्या दिवशी रुसून दाराबाहेर उभा राहिला. “बाप आतलं सगळं सोडून कोणासाठी बाहेर आला?” बाबा विचारायचे आणि सूर लागायचा. लहानपणी थोरलीला वाटायचं, हे बाबा खास आपल्यासाठी गातात. धाकटीने एकदा ते ओळखून तिला चिमटा काढला होता, भर उपासनेत, आणि दोघी हसू दाबता दाबता बाकाखाली वाकल्या होत्या. कसला झोंबरा चिमटा होता तो! दंडावर आत्ताही जाणवला.

जिना. दार उघडंच. आतून ताटल्यांचे आवाज येत होते. म्हणजे उशीर झाला, जेवायला बसले. उंबऱ्याशी चपलांचा ढीग होता, गायनमंडळातल्या म्हाताऱ्यांच्या रुंद चपला, जावयाचे बूट, भाचीचे लाल पट्ट्यांचे सँडल. थोरली पिशवी खाली ठेवून चपला काढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली, कारण तिथून टेबल दिसत होतं. टोपली मधोमध होती, तिचं धुतलेलं कापड बाजूला सारलेलं, आणि माणसं खात होती. खात होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती.

“मऊ आहे छान,” एक म्हातारी म्हणाली.

“हो ना. मऊ आहे,” दुसरी म्हणाली. “फारच मऊ आहे.”

टेबलाच्या टोकाला बाबा. नवा शर्ट, गळ्याला मोठा झालेला. त्यांच्यापुढे वेगळी ताटली, वेगळी वाटी आणि धाकटीने केलेला एक चपटा, करडा, लहान पाव, ज्याच्याकडे ते नातेवाइकाकडे बघावं तसं बघत होते: आपला आहे, काय करणार. भाची पाणी ओतायला वळली. धाकटी कोणाला तरी भाजी वाढत होती. आणि थोरलीने दारातून पाहिलं, बाबांचा हात, तो मंचावर झेप घेणारा, आता शिरा वर आलेला हात, टेबलावरून हळूहळू, मांजराच्या पावलांनी, टोपलीकडे निघाला. एक काप उचलला. तोंडात.

“बाबा!” धाकटी ओरडली, चमचा खणकन पडला. “टाका तो! टाका आधी! ताईचा आहे तो!”

सगळं टेबल थांबलं. ताईचा आहे तो. ते शब्द खोलीभर झाले, आणि धाकटीलाही ते ऐकू आले, कारण तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मग तिची नजर दाराकडे वळली आणि तिला थोरली दिसली, एक चप्पल पायात, एक हातात.

आता स्वयंपाकघराच्या दाराने जायचा बेत कुठे गेला कोण जाणे. बाबा चावत होते आणि धाकटी भेदरली होती, तिचा चेहरा दवाखान्याच्या बोळातला झाला होता, आणि तो चेहरा मोकळा करायला जगात एकच वाक्य होतं. थोरलीने ते म्हटलं.

“खाऊ दे त्यांना. मीठ नाही त्यात.”

“काय?”

“मीठ राहिलं माझ्या हातून. आजच्या सगळ्याच पावांत.” चप्पल अजून हातातच होती. “गाडी निघून गेल्यावर कळलं. मी दुसरा घेऊन आलेय, विकतचा. गुपचूप बदलणार होते.”

मग गायनमंडळातल्या म्हातारीने सुस्कारा टाकला. “बरं झालं बाई सांगितलंस! मी मघापासून माझ्या कवळीला शिव्या देतेय.”

हसण्याची एक छोटी लाट टेबलावरून फिरून विरली. धाकटी मात्र हसली नाही; तिने टोपलीतला काप उचलून स्वतः चावला, मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास गिळला होता. ते सावकाश म्हणाले, “मला पहिल्याच घासाला कळलं. म्हटलं, आज माझा वाढदिवस, म्हणून सगळ्यांनी मिळून माझ्यासारखंच खायचं ठरवलंय. इतकं बरं वाटलं मला.” त्यांचे डोळे भरले होते. “एकाच टोपलीतलं खाल्लं नव्हतं कोणाबरोबर. केव्हापासून.”

थोरलीला वाटलं, राहू दे. त्यांना तसंच वाटू दे, काय जातं? पण जीभ आज खऱ्याच्या वाटेला लागली होती. “ठरवून नाही, बाबा. चुकून.”

“चुकून तर चुकून,” बाबा म्हणाले. “ठरवून आजवर कोणाला सुचलं का?”

“थांबा, थांबा.” धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लहानपणी खाऊचा डबा हलका लागला की उभी राहायची तशी. “कळलं ते चावल्यावर. उचललात तेव्हा तर खारट समजूनच उचललात ना?”

बाबा ताटलीकडे बघू लागले. भाची फस्सकन हसली. “मला मीठ कळतं,” ते पुटपुटले. “मला नेहमी कळतं.”

नेहमी. तो शब्द थोरलीच्या कानात शिरला आणि एकदम खाली गेला, जिथे ते कौतुकाचे खडे होते तिथे. आज काय सुंदर झालाय गं. तिने चप्पल हळूच खाली ठेवली. “नेहमी?” ती म्हणाली. “बाबा… तेव्हाही?”

टेबलाखाली कोणाचा तरी पाय हलला. खिडकीतून ऊन येऊन पाण्याच्या ग्लासात थरथरत होतं.

“पहिल्याच दिवशी,” बाबा म्हणाले. “म्हटलं, आज खातो, उद्या सांगतो. उद्या तो पुन्हा आला, गरम, तुझ्या कोटातून. इतका चांगला होता गं तो! सांगितलं असतं तर बंद झाला असता.” त्यांनी एकदा थोरलीकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं. “नंतर दवाखान्यात सांगणार होतो. पण तुम्ही दोघी इतक्या मोठ्याने भांडत होतात, मला भीतीच वाटली. आणि मग दिवस गेले की बोलणं जड होतं. जन्मभर लोकांना गाऊन सांगितलं, बोलून टाका, हलकं वाटेल. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडात पाव होता.”

थोरली उभीच होती. तिला राग यायला हवा होता, ती वाट बघत होती रागाची, थांब्यावर उभं राहून गाडीची बघतात तशी, आणि तो येत नव्हता. त्याऐवजी तिला तिचे खांदे जाणवले. ओझं उतरल्यावरही हमाल चार पावलं वाकूनच चालतो, तसे ते अजून वाकलेले होते, कशाखाली तरी, जे आता नव्हतंच. कोण कोणाला क्षमा करणार इथे? तिने मीठ घातलं, ह्यांनी ते चोरून खाल्लं, धाकटीने घाबरून दार लावलं; आणि ह्या तिघांच्या डोक्यावरून, कोणालाही न विचारता, कोणीतरी एक वाडगाभर मीठ आज सकाळी फळीवरच राहू दिलं.

“दोन वर्षं!” धाकटीचा आवाज फुटला. “दोन वर्षं मी हिच्या पावाला घरात येऊ दिलं नाही. आणि हे… हे आजोबा…” तिने काहीतरी हातात घ्यायचं म्हणून बाबांच्या ताटलीतला तो करडा पाव घेतला, मोडायला गेली, तो मोडेना, शेवटी टेबलाच्या कडेवर आपटून मोडला आणि एक तुकडा तोंडात टाकला. तिचं तोंड थांबलं. “ई! बाबा! हे रोज खाता तुम्ही?”

“रोज.”

“आणि मला म्हणता, छान झालाय!”

“आता काय सांगू, पोरी,” बाबा म्हणाले. “कृपेनेच गिळतो.”

आणि मग ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून, खुर्चीची पाठ धरून. बाकाखाली वाकायची तशी वाकली आणि थोरलीकडे बघून तिने हात नुसता हलवला, ये, ये गं, असा. “ताई, तूच कर ह्यांचा पाव. आणि चाखून पाठव. ह्यांच्या शब्दावर जाऊ नकोस, हे लबाड आहेत!” म्हाताऱ्या हसत होत्या, जावई डोळे पुसत होता. थोरलीने दुसरी चप्पल काढली. ढिगात ठेवली. उघड्या तळव्यांना फरशी गार लागली आणि त्याच क्षणी टेबलाच्या टोकाला बाबांचा आवाज उठला. पातळ झालेला, कडेला फाटलेला, पण तोच, वाक्यातून सूर फुटणारा. हात उचलून ते तिच्याकडे बघत गात होते:

दारात कोण उभं, धूळ पायाला,
आत ये बाळा, आत ये;
चपलांसंगती लाज राहू दे बाहेर,
ताट वाढलंय, आत ये.

हीच. हीच ती तिसरी ओळ. थोरलीच्या पोटात झोका चढला. गायनमंडळातल्या म्हाताऱ्यांनी चमचे खाली ठेवून ओळ उचलली, एकीने खालचा सूर धरला, भाची ताटलीवर ठेका देऊ लागली, आणि थोरली बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. कडेवर नाही, पूर्ण, पाठ टेकून. समोरचा काप उचलून तिने चावला. अगदी पाणचट होता. तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट पाव. तिने दुसरा घेतला.

गाणं संपलं तेव्हा बाबांनी दम घेतला, मिशी पुसली, आणि त्यांची नजर हळूहळू, मांजराच्या पावलांनी, दाराकडे गेली.

“त्या पिशवीत काय आहे गं?”

“काही नाही!” दोघी बहिणी एकदम म्हणाल्या, एकाच आवाजात, एकाच धारेने. मग एकमेकींकडे बघून त्यांनी तोंडं फिरवली, कारण पुन्हा हसू यायला लागलं होतं.

झाली गोष्ट. थोरली आजही पहाटे पिठाची झोप झाली की मीठ घालायच्या आधी एक लहान गोळा तोडते, भाजल्यावर खालून एक कण चाखते, आणि कोटाच्या आत छातीशी धरून धाकटीकडे नेते, बाबा तो खातात आणि खरं सांगतात, “आज बरा आहे, कालचा बरा नव्हता.” आता तुम्ही उठाल, घरोघर जाल, ताटं मांडाल. माझं एकच मागणं आहे. पहिला घास मोडाल तेव्हा जरा दाराकडे बघा. तुमच्याही दाराशी कोणीतरी उभं असेल, चूक पोटात आणि पिशवी हातात घेऊन, एक चप्पल काढलेली, दुसरी काढावी की नाही ह्या विचारात. तिची आठवण ठेवा. आणि नुसती आठवण ठेवून बसू नका. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, सूर लागो न लागो, ती तिसरी ओळ म्हणा.